संगणकांची पाणीपाळी

16 जुलै 2021 रोजी दुपारी एक वाजता दहावीचा निकाल जाहीर झाला, आणि पुढील कित्येक तास राज्यातील असंख्य विद्यार्थ्यांना तो पाहताच आला नाही. 'सर्व्हर डाऊन' या शब्दांचा अर्थ आज पिंगळीसारख्या गावातही कोणाला विचारावा लागत नाही. अशा प्रसंगी यंत्रे वाढवा, अशी मागणी होते. ती अर्धवट आहे.

ऐरोली, महापे येथे उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरांत एका मोठ्या संगणकाची शक्ती विभागून त्यावर अनेक 'आभासी' संगणक चालविले जातात. या सर्वांना दिलेल्या वचनांची बेरीज पुष्कळदा मूळ यंत्राच्या कुवतीहून अधिक भरते. यात लबाडी नाही. बँक तरी सर्व ठेवी तिजोरीत कोठे ठेवते? एका यंत्रावर ताण आला, तर आभासी संगणक चालू स्थितीतच दुसऱ्या यंत्रावर हलविता येतो. एखादे यंत्र बंद पडेल म्हणून काही कुवत राखूनही ठेवतात. परंतु सर्वांची गरज एकाच क्षणी उद्भवत नाही, या गृहीतावर ही सारी काटकसर उभी आहे.

सरकारी मुदती नेमके हेच गृहीत मोडतात. 2023 साली एक रुपयात पीकविमा मिळू लागला, अखेरीस झुंबड उडाली आणि 31 जुलैची मुदत 3 ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. या चार दिवसांसाठी यंत्रे विकत घ्यावीत, तर उरलेले वर्षभर ती वीज खात रिकामी बसणार. ती भाड्याने घेता येतात. राज्य सरकारने 2018 सालीच तसे क्लाउड धोरण जाहीर केले आहे.

शेतकऱ्याने लवकर यावे, हा उपदेश मात्र शहरी आहे. मराठवाड्यात पावसाचा अंदाज घेतल्यावाचून पेरणी होत नाही, मग विमा आधी कसा उतरवावा? त्याच्यासाठी जुलैच्या अखेरच्या आठवड्यात जादा कुवत भाड्याने घेणे हे सरकारचेच काम होय.

निकालाचे तसे नाही. जायकवाडीच्या कालव्याचे पाणी सर्वांना एकदम पुरत नाही, म्हणून पाळ्या ठरतात. मंडळाचे नऊ विभाग आहेत; प्रत्येकाचा निकाल अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने लावल्यास शेवटच्या विभागाला चार तास थांबावे लागेल. 2021 साली सर्वच विभाग ताटकळले होते, तेही किती वेळ थांबावयाचे हे ठाऊक नसताना.