सिलिंडर वजनावर घेऊ नका

गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या आसपासच्या रिसॉर्टमध्ये पेंटबॉल नावाचा खेळ सुरू झाला आहे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीतून रंगाच्या गोळ्या मारायच्या, असा हा मूळ अमेरिकेतला खेळ. बंदुकीला जोडलेली हवेची छोटी बाटली सारखी भरावी लागते. ती भरण्यासाठी पाणबुडे पाठीवर बांधतात ती स्कूबाची मोठी टाकी वापरतात. असे कंत्राट घेणारी, त्यांना सामान पुरवणारी किंवा दुरुस्ती करून देणारी काही मुले आपल्याही मोहल्ल्यांत आहेत. मुलांनी नवा धंदा शोधला याचा आनंदच आहे. पण ही टाकी ज्या पद्धतीने घेतली आणि विकली जाते, त्याबद्दल दोन शब्द स्पष्ट लिहिणे भाग आहे.

मध्यंतरी ओळखीचा एक मुलगा अशीच टाकी घेऊन दुकानावर आला. भंगाराच्या बाजारातून वजनावर घेतलेली, वर झकास पिवळा रंग. "चाचा, एकदम नवी आहे," म्हणाला. मी खांद्यावर बोट फिरवले तर आकडे लागेनात. लांबी भरून वरून रंग मारला होता. टाकीची जन्मपत्रिका त्या आकड्यांतच असते आणि विकणाऱ्याने नेमकी तीच बुजवली होती. कोणी बुजवली ते मुलाला ठाऊक नव्हते. माल तीन हात फिरून आला होता.

आधी आत काय असते ते समजून घ्या. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या स्कूबा टाकीत सुमारे ११ लिटर पाणी मावते आणि तिच्यात ३,००० पौंड दाबाने हवा भरतात. मोटारीच्या टायरमध्ये आपण तीस-पस्तीस पौंड भरतो, म्हणजे हा दाब त्याच्या जवळजवळ शंभरपट झाला. टाकीच्या आतल्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर दोनशे किलोहून जास्त भार असतो. पितळी भांडे फुटले तर डाग देता येतो. ही टाकी फुटली तर भिंत पाडते आणि शेजारी उभा असलेला माणूस वाचत नाही.

म्हणून टाकी घेताना आधी खांदा वाचावा. बनवणाऱ्याचे नाव, अनुक्रमांक, कामाचा दाब आणि शेवटच्या पाण्याच्या चाचणीचा महिना व वर्ष तेथे ठोकलेले असते. अमेरिकन ॲल्युमिनियम टाकीवर 'थ्री ए एल' अशी इंग्रजी अक्षरे आणि पुढे ३००० हा आकडा दिसतो. चाचणीत टाकी पाण्याने भरून कामाच्या दाबाच्या पावणेदोनपटीच्या जवळपास, म्हणजे ५,००० पौंडांपर्यंत दाबतात आणि दाब सोडल्यावर ती मूळ आकारावर येते की नाही ते मोजतात. जी फुगून तशीच राहते ती बाद. अमेरिकेत ही चाचणी दर पाच वर्षांनी सक्तीची आहे. शिवाय दरवर्षी आत दिवा सोडून गंज व चिरा पाहिल्याचे लेबल नसेल, तर तेथले पाणबुड्यांचे दुकानदार टाकी भरूनच देत नाहीत.

जुन्या मालात आणखी एक मेख आहे. अमेरिकेत १९८८ पर्यंत बनलेल्या अनेक ॲल्युमिनियम टाक्या ६३५१ या मिश्रधातूच्या होत्या. दाबाखाली वर्षानुवर्षे राहून त्यांच्या मानेच्या आट्यांत बारीक चिरा पडतात, असे नंतर उघड झाले. लक्सफर कंपनीने तेथे १९८८ मध्ये तो धातू सोडून ६०६१ घेतला. तेव्हा ठोकलेली तारीख त्याच्या आधीची असेल, तर ती टाकी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

आपल्याकडे कायदाही आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे, ज्या जातीच्या सिलिंडरला मुख्य स्फोटके नियंत्रकांची मान्यता नाही त्यात दाबाचा वायू भरता येत नाही आणि भरलेले असे सिलिंडर जवळ बाळगताही येत नाही. हे कार्यालय नागपूरला आहे, परराज्यात धावण्याची गरज नाही. परदेशातून आलेली किंवा फुटलेल्या जहाजावरची टाकी कितीही देखणी असो, मान्यता नसेल तर ती भंगारच. चाचणीत नापास झालेले सिलिंडर चेपून टाकावे किंवा पुन्हा जोडता येणार नाहीत असे तुकडे करून नष्ट करावे, असेही नियम सांगतात. भंगारवाल्या बांधवांनी हे नीट लक्षात घ्यावे. अख्खे विकले तर चार पैसे जास्त मिळतात, पण ते अख्खे सिलिंडर पुढे जाऊन कोणाच्या तरी हातात भरले जाणार असते.

यावर उत्तर ठरलेले असते, "चाचणीचा खर्च केला तर नफा काय उरणार?" नफ्याचा हिशेब करायचाच तर पूर्ण करू. बंदुकीची साधी बाटली असते ४८ घनइंचांची, म्हणजे पाऊण लिटरहून थोडी मोठी. ३,००० पौंडांच्या ११ लिटर टाकीवर रिकामी बाटली लावली की दोन्हींचा दाब सारखा होऊन थांबतो. पहिली बाटली २,८०० पर्यंत भरते, पाचवी २,१०० पर्यंत आणि दहावी जेमतेम दीड हजारापर्यंत. म्हणजे टाकीत निम्मी हवा शिल्लक असते आणि गिऱ्हाईक कुरकुरू लागते. विकणारा हे सांगत नाही. उपाय असा की दोन टाक्या ठेवाव्यात. बाटली आधी कमी दाबाच्या टाकीवर लावावी, मग जास्त दाबाच्या. ज्याने हा हिशेब आधी केला तो दोन तपासलेल्या टाक्या घेतो आणि टिकतो. न केलेला माणूस स्वस्तात पाच घेतो आणि शेवटी हवेसाठी भलत्या जागी जातो.

भलत्या जागा म्हणजे वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन. तो पेंटबॉलच्या बाटलीत कधीही भरू नये. बंदुकीच्या नळ्यांत तेल-ग्रीस असते आणि दाबाच्या ऑक्सिजनला तेल लागले की ठिणगी नसतानाही भडका उडतो. गॅरेजचा पंप तर या दाबाच्या पासंगालाही पुरत नाही. हवा पाणबुड्यांच्या खास कंप्रेसरचीच हवी, कोरडी आणि गाळलेली. ३०० बारची टाकीही असते. तिच्यावर ३,००० पौंडांची बाटली लावणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. बाटली भरताना वॉल्व्ह हळू उघडावा. घाईने भरली तर ती तापते आणि थंड झाल्यावर दाब उतरतो.

ठेवण्याचे म्हणाल तर टाकी उभी आणि भिंतीला साखळीने बांधलेली असावी. पडून वॉल्व्ह तुटला तर ती बाणासारखी सुटते. टेम्पोत मात्र आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी अडकवावी. चूल, भट्टी, उन्हात तापणारा पत्रा यांपासून लांब ठेवावी आणि माळ्यावर कधीच चढवू नये. पूर्ण रिकामी करून वॉल्व्ह उघडा टाकला तर ओल शिरते, म्हणून थोडी हवा ठेवून वॉल्व्ह बंद करावा. अर्धी भरलेली टाकी महिनोन् महिने पडू देऊ नये. आग लागली तर सुरक्षेची चकती फुटायच्या आधीच ॲल्युमिनियम नरम पडू शकते. याच कारणाने टाकी भट्टीत भाजून रंगवणेही वर्ज्य आहे. आपले पावडर-कोटिंगवाले कारागीर हे काम चांगल्या हेतूने करून देतात, पण उष्णतेने धातूची ताकद गेलेली वरून दिसत नाही.

त्या मुलाच्या टाकीवरचा रंग आम्ही खरवडला. आकडे निघाले, पण चाचणीची एकही तारीख वाचता आली नाही. त्याने दोन दिवस तोंड पाडले, विकणाऱ्याकडे फेऱ्या मारल्या. पैसे परत मिळाले नाहीत. शेवटी वॉल्व्ह हळूहळू उघडून सगळी हवा सोडली, वॉल्व्ह काढला आणि टाकी करवतीने कापली. ॲल्युमिनियमच्या भावाने जे आले त्यातून त्याचा निम्मा पैसाही सुटला नाही. पुढच्या खेपेस तो कागद बघून टाकी घेणार आहे, आणि ती घेताना मला सोबत चला म्हणतो.