मावशीला हसणारे आपण




‘टायटॅनिक’ चित्रपटाचे विडंबन करणारे ‘टायटानीक’ हे संगीत नाटक मृतांची थट्टा करते, असे एका वाचकाने गेल्या अंकात लिहिले. त्यासाठी २१ मे २०२४ रोजी उजनी धरणाच्या जलाशयात कुगाव-कळाशी मार्गावर बोट उलटून सहा जण बुडाले, त्याचा दाखला दिला. इंदापूर तालुक्यात ते दुःख अजून ताजे आहे. पण नाटकावरचा आरोप मला मान्य नाही.

१९१२ साली ‘टायटॅनिक’ जहाज बुडून गेलेले दीड हजारांवर जीव या विनोदाचा विषयच नाहीत. चिमटे काढले आहेत ते १९९७ च्या चित्रपटातील भरजरी प्रेमकथेला. ‘मी त्या जहाजावर होते’ असे ठणकावत गायिका सेलीन डिऑनचे पात्र कथेत घुसते आणि तिच्याच गाण्यांवर सारा डोलारा उभा राहतो.

आपल्याला असे विडंबन नवे आहे का? तमाशाच्या गवळणीत लुगडे नेसलेला पुरुष मावशी होतो, कमरेवर हात ठेवून साक्षात कृष्णाची उलटतपासणी घेतो. बारामती-इंदापूरची माणसे जत्रेत त्यावर पोट धरून हसली आणि आषाढात तुकोबांच्या पालखीपुढे तितक्याच भावाने वाकली. शेजारच्या पुरंदरच्या आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ या विडंबन-कवितांच्या संग्रहात रविकिरण मंडळातील कवींची यथेच्छ टर उडवली, त्याने मराठी कविता खुजी झाली नाही.

उजनीत गेलेल्यांची कळकळ असेल, तर प्रत्येक होडीत लाईफ जॅकेट हवे म्हणून प्रशासनाच्या मागे लागा. नाटकवाल्यांना गाऊ द्या.

— एक वाचक, इंदापूर