अकरावा नंबर, झिंदाबाद!

मार्च संपत आला की ऑफिसात एक वेगळंच वारं वाहायला लागतं. एचआरच्या मेल सुरू होतात, वर्षभर तोंड वाकडं करणारा बॉस अचानक 'चहा घेणार का?' विचारतो, आणि एक दिवस अप्रेझलचा फॉर्म हातात पडतो. पाचपैकी तीन! तीन म्हणजे काय, तर 'अपेक्षेप्रमाणे काम'. कुणी हाकलत नाही, कुणी डोक्यावरही घेत नाही. घरून फोन येतो, 'कसं झालं रे?' आपण म्हणतो, 'झालं.' विषय संपला.

तर मंडळी, आजची गप्पा या 'तीन'वाल्यांची. आणि त्यासाठी जरा फुटबॉलच्या मैदानावर जायचंय. घाबरू नका, ऑफसाइडचा नियम समजावून सांगणार नाहीये!

माझा एक मावसभाऊ आहे, अहमदपूरचा. लातूर-नांदेड रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. तिथल्या पोरांचा प्रवास ठरलेला. दहावी झाली की ट्रंक आणि गादी घेऊन लातूर. 'लातूर पॅटर्न'चं नाव तुम्ही ऐकलंच असेल. एकेकाळी बोर्डाची मेरिट लिस्ट लागली की त्यात लातूरची किती पोरं, हे अख्खा महाराष्ट्र मोजायचा. पण यादीत न आलेल्या शेकडो पोरांचं काय झालं, हे कुणी मोजलं? माझा भाऊ त्यातलाच. नापास नाही, मेरिटलाही नाही. पुढे पुण्यात इंजिनिअरिंग आणि आता हिंजवडीत नोकरी. रेटिंग अर्थातच तीन.

आता या पठ्ठ्यानं इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला आपला म्हणून कोणता संघ निवडावा? सगळे मित्र युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल करत असताना यानं निवडला फुलहॅम! लंडनमध्ये थेम्सच्या काठावर क्रेव्हन कॉटेज नावाचं जुनं मैदान, तिथला हा क्लब. लीगमध्ये संघ वीस. यांचा नंबर २०२२-२३ मध्ये दहावा, २०२३-२४ मध्ये तेरावा, २०२४-२५ मध्ये अकरावा. असा नंबर बघून दर शनिवारी कोण टीव्हीसमोर बसेल? हा बसतो.

मागे दिवाळीत अहमदपूरला गेलो होतो, तर हा फराळाचं ताट मांडीवर घेऊन मॅच लावून बसलेला. मावशी स्वयंपाकघरातून आली.

"पैला आला का रे तुझा संघ?"

"नाय आई. मागल्या साली अकरावा."

"मग कशाला बघतूस?"

पोरगं शांतपणे म्हणालं, "आई, खाली नऊ जण हायेत की!"

मावशी हसत आत गेली. मग हा माझ्याकडे वळला. "दादा, तुला म्हणून सांगतो. २०१८ ते २०२२ या चार सालात फुलहॅम दोनदा खालच्या डिव्हिजनला गेलं अन् दोनदा वर आलं. येकदा खाली जाऊन आलेल्याला अकरावा नंबर लई गोड लागतंय."

त्याचं म्हणणं खरं आहे. प्रीमियर लीगचा हिशेब साधा असतो. प्रत्येकाच्या ३८ मॅचेस. जिंकलात तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक. मोसम संपला की तळाचे तीन संघ सरळ खालच्या लीगमध्ये, आणि त्याबरोबर टीव्हीचा पैसा, प्रायोजक, चांगले खेळाडू सगळं निसटायला लागतं. चाळीस गुण झाले की बहुतेकदा जीव वाचतो, असा तिथला जुना ठोकताळा. म्हणजे मधला संघ वरवर निवांत दिसतो, पण दिवाळीपासून मार्चपर्यंत त्याचं बोट कॅल्क्युलेटरवरच असतं. लेस्टर सिटीचं उदाहरण घ्या. २०१४-१५ मध्ये चौदावा, २०१५-१६ मध्ये चक्क चॅम्पियन, पुढच्या मोसमात बारावा, आणि २०२३ मध्ये खालच्या डिव्हिजनमध्ये! मधली जागा कुणाच्या नावावर सातबारासारखी चढलेली नसते.

पण ही सगळी साहेबाच्या देशातली कथा. आपल्याकडे असा संघ होता का?

होता तर! तोही मुंबईत. नाव, मुंबई एफसी. आता थांबा, मुंबई सिटी एफसी वेगळा. तो रणबीर कपूरमुळे गाजलेला, आयएसएलवाला. मी म्हणतोय तो त्याच्या आधीचा, पिवळ्या जर्सीवाला. एस्सेल समूहानं २००७ मध्ये काढलेला. पहिला प्रशिक्षक डेव्हिड बूथ नावाचा इंग्रज. २००८ मध्ये सेकंड डिव्हिजन जिंकून संघ आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये आला.

तेव्हाचा काळ कसा होता बघा. २००९-१० च्या आय-लीगमध्ये १४ संघ होते, त्यातले चार महाराष्ट्राचे! महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी आणि पुणे एफसी. गोव्याचेही चारच. फुटबॉल म्हटलं की आपण लगेच कोलकाता आणि गोव्याकडे बोट दाखवतो, पण आकड्यात आपण त्या साली गोव्याच्या बरोबरीला होतो. सांगूनसुद्धा पटत नाही ना?

त्याच २००९ साली मुंबई एफसीची सूत्रं खालिद जमील यांच्याकडे आली. कुवेतमध्ये जन्मलेला, महिंद्रा आणि एअर इंडियाकडून खेळलेला हा मिडफिल्डर, वय अवघं ३२. हातातला संघ स्टार खेळाडूंचा नव्हता. समोर ईस्ट बंगाल, मोहन बागान, डेम्पो असे तगडे. त्यावर जमील यांचा उपाय म्हणजे आधी गोल खायचा नाही. बचाव घट्ट, चेंडू लांब, आणि संधी मिळालीच तर एक गोल. बघायला काही फार देखणं नाही. पण ०-० चा एक गुण, १-१ चा एक गुण, असं पैपैनं जमवत हा संघ दरवर्षी तरून जायचा. आपल्या घरी पगारातून आरडी भरतात ना, अगदी तसं! सात वर्षं जमील तिथे होते, आणि सातही वर्षं मुंबई एफसी वरच्या लीगमध्ये टिकला.

तेही कशा परिस्थितीत? मुंबईत मैदानाची बोंब. कूपरेजचं काम निघालं, तर काही मोसम मुंबईच्या संघाचे 'घरचे' सामने पुण्याला बालेवाडीत झाले. एक्स्प्रेसवेनं घाट उतरून घरच्या मैदानावरून घरी जायचं, असा प्रकार! त्यात २०१४ मध्ये आयएसएल आली. सिनेस्टार, क्रिकेटस्टार, लेझर शो, प्राइम टाइम. आणि त्या लीगमध्ये खाली उतरण्याची भानगडच नव्हती. शेवटचा आलात तरी पुढच्या वर्षी जागा पक्की. एकाच देशात एका लीगमध्ये तळाला जाऊनही चिंता नाही आणि दुसरीत प्रत्येक गुणासाठी मारामारी. प्रायोजक कुठे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

२०१६ मध्ये जमील मुंबई एफसीमधून बाहेर पडले आणि थेट मिझोराममध्ये, आयझॉल एफसीला गेले. हा क्लब कोणता? तर २०१५-१६ च्या मोसमात ज्याच्या नशिबी खाली जाणं आलं होतं तो! गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली म्हणून आयझॉलला परत जागा मिळाली. पैसा कमी, नाव छोटं, त्यात नुकताच आपटलेला. जमील यांच्यासोबत मुंबई एफसीकडून खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही आयझॉलच्या संघात होते.

आणि मग २०१६-१७ चा मोसम. लीगमध्ये दहा संघ, प्रत्येकाच्या १८ मॅचेस. शेवटच्या आठवड्याआधी आयझॉलनं मोहन बागानला १-० नं हरवलं. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध एका गोलनं मागे पडून १-१ बरोबरी केली आणि ३७ गुणांवर लीग जिंकली! मोहन बागान ३६ वर. एका गुणाचा फरक. ईशान्य भारतातला पहिला राष्ट्रीय लीग विजेता. लक्षात घ्या, विजेतेपद पक्कं झालं ते बरोबरीच्या त्या एका गुणानं. मुंबईत सात वर्षं ज्या एकेका गुणाला लोक 'बोअर' म्हणायचे, तोच!

त्याच मोसमात त्याच टेबलाच्या तळाला कोण होतं? मुंबई एफसी. मोसमाच्या मध्येच प्रशिक्षक बदलला, संतोष कश्यप गेले, स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले, तरी गाडी रुळावर आली नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा संघ खाली गेला. आणि पुढे? पुढे काही नाही. फुलहॅमसारखं खालच्या लीगमध्ये जाऊन, कपडे झटकून परत वर यायचं, तर तेवढा धीर मालकांकडे हवा. मुंबई एफसीचा सीनियर संघ त्यानंतर राष्ट्रीय लीगमध्ये उतरलाच नाही.

एकटा माणूस गेला म्हणून संघ बुडाला, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पैसा, मैदान, आयएसएल, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण एक गोष्ट उघड आहे. दरवर्षी मध्यावर टिकणं हे आपोआप होतंय, असं बघणाऱ्यांना वाटत राहिलं. ते कुणीतरी रोज राबून घडवत होतं, हे कळलं तोवर तळ आला होता.

आणि मुंबई एफसी काही एकटा नाही. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरलेला पुणे एफसी २०१५ मध्ये मिटला. पुण्याचा भारत एफसी तर एकच मोसम खेळला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये गेला, आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. दहा वर्षांत एवढे संघ! यातले सगळे काही हरत नव्हते. चॅम्पियनही गेला, उपविजेताही गेला. मग कमी काय पडलं? मला वाटतं, 'आमचा अकरावा आला तरी आम्ही येणार' म्हणणारी माणसं. क्रेव्हन कॉटेजला ती पिढ्यान्पिढ्या येतात. आजोबा, बाप, नात. त्यांच्यामुळे क्लब खाली जातो, पण मरत नाही. आपल्याकडे कूपरेज चर्चगेट स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ, आणि आपण त्याच शनिवारी लंडनच्या संघाची जर्सी घालून पबमध्ये!

लंडनचा संघ बघू नका, असं मी म्हणत नाही. माझ्या भावाला असं सांगायची माझी हिंमतही नाही. पण घराजवळच्या मैदानावर एखादा संघ सहावा-सातवा येत असेल, तर कधीतरी शंभराची नोट खर्चून त्याला बघायला काय हरकत आहे?

जमील यांचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलंच. ईस्ट बंगाल, नॉर्थईस्ट युनायटेड, जमशेदपूर असा प्रवास करत ते ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. पुढच्याच महिन्यात सीएएफए नेशन्स कपमध्ये भारतानं ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. नंतर आशियाई कपच्या पात्रतेत संघ अडखळलाही. मधल्या फळीतला माणूस वर गेला म्हणून त्याचे सगळे दिवस सोन्याचे होत नाहीत.

तेव्हा मंडळी, यंदा फॉर्मवर 'तीन' आला तर लगेच रिझ्युमे अपडेट करायला बसू नका. आधी एक हिशेब मांडा. या वर्षात किती मॅचेस आपण हरता हरता बरोबरीत सोडवल्या? रात्री अकराला पडलेला सर्व्हर, ऐन वेळी रजेवर गेलेला सहकारी, क्लायंटची चिडचिड, त्यातून निसटू न दिलेला एकेक गुण. तो हिशेब बॉससमोर ठेवा, आकड्यांसकट. त्याला दिसत नसेल, तर आयझॉलचा रस्ता आहेच!

आणि तुमच्या टीममध्ये असा कुणी 'तीन'वाला असेल, गाजावाजा न करता गाडी चालू ठेवणारा, तर तो आहे तोवरच त्याला एकदा 'थँक्यू' म्हणून टाका. काय म्हणता?