कूस की बरगडी?

काशी-मिरे परिसरात सेंट जेरोमच्या नावाचे चर्च आहे. काशीगावातून घोडबंदर रस्त्याकडे जाता-येताना त्याचे नाव वाचणाऱ्यांपैकी हा जेरोम कोण हे किती मराठीच्या प्राध्यापकांना सांगता येईल, अशी शंका आम्हांस नेहमी येते. चौथ्या शतकाच्या अखेरीस ज्याने हिब्रू धर्मग्रंथ लॅटिनमध्ये आणण्याचे काम हाती घेतले, तो हा जेरोम. ख्रिस्ती परंपरा त्यास भाषांतरकारांचा संत मानते आणि त्याच्या स्मृतिदिनीच, 30 सप्टेंबरला, आंतरराष्ट्रीय भाषांतर दिन पाळला जातो. ज्या गावाचे नाव काशी आणि ज्याच्या शेजारचे चर्च एका भाषांतरकाराचे, त्या गावात बसून बायबलमधील उत्पत्तीची कथा मराठीत वाचताना जे सुचले ते येथे मांडीत आहोत. सूर तक्रारीचा आहे, हे आधीच कबूल करतो.

तक्रार अशी की मराठी साहित्याच्या अभ्यासाने ही कथा वाचलेलीच नाही.

यावर कोणी म्हणेल की फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ आम्ही शिकवतो. शिकवतो ते काय? ‘ख्रिस्ती मिशनऱ्यांची मराठी भाषेची सेवा’ या प्रश्नाचे पाच गुणांचे उत्तर. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आला, की स्टीफन्स यांच्या मराठीच्या स्तुतिपर दोन-तीन ओव्या फलकावर लागतात. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाल्यानंतर तर या ओव्यांना आणखीच मागणी आली. एका इंग्रजाने आमच्या भाषेला दिलेले प्रशस्तिपत्र आम्ही जपून ठेवले आणि त्याने त्या भाषेत जे सांगितले ते बाजूस सारले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातून मूठभर ओव्या वाचणे हे वाचन नव्हे. पाहुण्याने स्वयंपाकाची तारीफ केली एवढेच लक्षात ठेवून त्याने आणलेले ताट झाकून ठेवण्यासारखे ते आहे.

त्या ताटात पहिला पदार्थ सृष्टीच्या निर्मितीचा आहे. ‘क्रिस्तपुराणा’चे दोन भाग असून ‘पहिले पुराण’ जुन्या कराराची कथा सांगते. ग्रंथ 1616 मध्ये गोव्यात रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. एकनाथांना जाऊन तेव्हा वीसही वर्षे झाली नव्हती. म्हणजे एकनाथांच्या ओवीचा नाद लोकांच्या कानांत ताजा असताना, त्याच छंदात, एदेनची बाग मराठीत उतरली. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणणारी, ग्रंथाला ‘पुराण’ म्हणणारी ही रचना धर्मप्रसारासाठी होती, हे आम्ही नाकारीत नाही. ज्या सत्तेच्या आश्रयाने ती रचली गेली, तिनेच 1684 मध्ये स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला, हेही विसरत नाही. पण हेतू धार्मिक म्हणून वाङ्मय त्याज्य, हा न्याय लावायचा तर मराठीच्या पहिल्या पाच शतकांतील कोणता ग्रंथ अभ्यासक्रमात उरेल? महानुभावांनी आणि वारकऱ्यांनी काय केवळ वाङ्मयीन हेतूने लेखणी धरली होती?

खरी अडचण हेतूची नाहीच. ‘ते त्यांचे’ ही ती अडचण आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले, त्यास साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. पण जानेवारी 2020 मध्ये ते उस्मानाबादच्या (आताचे धाराशिव) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा एका ख्रिस्ती धर्मगुरूस हा मान कशासाठी, असा विरोध काहींनी केलाच. उत्तर कोकणातील ख्रिस्ती माणूस पिढ्यान् पिढ्या घरात मराठीची बोली बोलतो, लग्नात मराठी गाणी गातो. तरी त्याची कथा आम्हांस परभाषेतील वाटते. हा पूर्वग्रह वर्गात मोडायचा नाही तर कोठे मोडायचा?

आता त्या कथेकडेच वळू. साहित्याच्या विद्यार्थ्याने ती वाचली तर त्यास काय सापडेल?

पहिली गोष्ट, तेथे एक नव्हे, दोन कथा आहेत. पहिल्या अध्यायात सहा दिवसांचा तालबद्ध क्रम आहे; स्त्री-पुरुष एकाच वाक्यात, एकाच वेळी निर्माण होतात. दुसऱ्या अध्यायात आधी मातीचा माणूस घडतो, मग बाग, मग पशुपक्षी, मग स्त्री. जो हा ग्रंथ अक्षरशः घेऊ म्हणतो त्यास हा क्रमभेद अडवतो. आणि जो डार्विनचे पुस्तक उगारून तो खोडून काढू म्हणतो, तो चुकीच्या परीक्षेचा पेपर तपासत असतो. संकलकांनी दोन्ही कथा शेजारी शेजारी ठेवल्या. विसंगती त्यांना दिसली नसेल, असे मानण्याइतके ते भाबडे नव्हते.

दुसरी गोष्ट, ही कथा स्वतःच एक वाद आहे. प्रकाश पहिल्या दिवशी होतो आणि सूर्य-चंद्र चौथ्या दिवशी. त्यांना नावेही नाहीत. ‘मोठी ज्योती’, ‘लहान ज्योती’ एवढेच. पहिल्या अध्यायाची रचना बाबिलोनच्या बंदिवासाच्या काळाशी, म्हणजे इ. स. पू. सहाव्या शतकाशी, अनेक अभ्यासक जोडतात. जेथे सूर्य-चंद्र देव म्हणून पुजले जात, तेथे पराभूत लोकांनी त्यांना टांगलेल्या दिव्यांच्या पंक्तीत बसवले. जेत्यांच्या देवांना इतक्या शांत सुरात पदच्युत करणारी ही रचना विद्रोही वाङ्मयाच्या वर्गात का शिकवू नये?

तिसरी गोष्ट शब्दांची, आणि येथे आमचे मराठीपण कामास येते. हिब्रूत माणूस ‘आदाम’ आणि माती ‘अदामा’. तो श्लेष मराठीत सहज येत नाही. पण कोणाच्या अंत्यविधीस जाणे याला गावाकडे ‘मातीला जाणे’ म्हणणाऱ्यांना ‘तू माती आहेस’ या वचनाची टीप लागत नाही. हिब्रूतील ‘ईश’ आणि ‘ईश्शा’ या जोडीसाठी मराठीत ‘नर-नारी’ आयती हजर आहे. बागेत ठेवलेल्या माणसाला जी दोन कामे सांगितली त्यांची हिब्रू क्रियापदे सेवा करणे आणि सांभाळणे अशा अर्थांची आहेत. आम्ही ती ‘राबणे’ आणि ‘राखणे’ अशी वाचतो. पहिल्या अध्यायातील ‘सत्ता चालवा’ हेच तेवढे ऐकून डोंगर पोखरणाऱ्यांना दुसऱ्या अध्यायातील हे राखणे ऐकवण्याची गरज, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांजवळ राहणाऱ्या आम्हांस तरी रोज भासते.

आणि ती बरगडी. मूळ शब्द ‘त्सेला’. बायबलमध्येच तो अन्यत्र पवित्र कोशाच्या बाजूसाठी येतो. म्हणजे अर्थ ‘बाजू’ असाही होतो. जेरोमच्या लॅटिन शब्दालाही बरगडी आणि बाजू हे दोन्ही अर्थ आहेत. पुढच्या भाषांतरांत त्यातला एकच उरला, आणि शतकानुशतके बायकांना ऐकवले गेले की तुम्ही एका सुट्या हाडाच्या. मराठीत मात्र ‘कूस’ हा शब्द आहे. आपण कुशीवर वळतो, ती शरीराची बाजू. आणि कूस उजवते, ती गर्भाची जागा. पुरुषाच्या कुशीतून स्त्री आली, असे म्हणताच कथेचा तोल बदलतो. पुरुषाचे एक हाड कमी होत नाही; त्यास क्षणभर आईपण येते. हा अर्थ हिब्रूत जसाच्या तसा आहे, असा आमचा दावा नाही. पण मूळ शब्दाची संदिग्धता मराठी ज्या श्रीमंतीने पेलू शकते, ती आम्ही कधी तपासूनच पाहिली नाही, एवढे निश्चित.

शब्द किरकोळ नसतात, याचा पुरावा जेरोमच देतो. तिसऱ्या अध्यायात स्त्रीची ‘ओढ’ नवऱ्याकडे राहील असे हिब्रू म्हणते. जेरोमने तेथे ती नवऱ्याच्या ‘सत्तेखाली’ राहील असे लिहिले. एका संताच्या एका शब्दाने किती घरांत किती बायका गप्प झाल्या असतील, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. म्हणूनच पंडिता रमाबाईंचे काम आम्हांस थोर वाटते. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बायकांनाही कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणले. 1922 मध्ये त्या गेल्या. ग्रंथ 1924 मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ भाषेपर्यंत स्वतः जाऊन, मध्ये उभ्या असलेल्या पुरुषांना ओलांडून एका मराठी स्त्रीने हे केले. आमच्या वाङ्मयेतिहासांत रमाबाई समाजसुधारक म्हणून येतात, धर्मांतरित म्हणून येतात. भाषांतरकार म्हणून येतात त्या जेमतेम एका ओळीपुरत्या.

तेव्हा आमचे मागणे अगदी साधे आहे. नासदीय सूक्ताशेजारी उत्पत्तीची पहिली कथा ठेवा. एकाचा शेवट संशयात होतो, दुसरीचा विसाव्यात, हा फरक विद्यार्थ्यांना शोधू द्या. ‘क्रिस्तपुराणा’तील स्तुतीच्या ओव्या वर्षभर बाजूस ठेवा आणि सृष्टीच्या ओव्या वाचा. स्टीफन्स, रमाबाई, दिब्रिटो या तिघांची एकच घटना फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. श्रद्धेची अट नको, अश्रद्धेचीही नको. भाषेने इतके बाळंतपण सोसून जे पोटच्यासारखे वाढवले, ते आपले की परके, हा निर्णय न वाचताच घेण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही.