उदासीन कोण, निःस्पृह कोण?

इंग्रजीतले 'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड' हे शब्द आज सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांच्यातला फरक जपायला हवा, आणि मराठीतही तो जपायला हवा, असे आम्हाला वाटते. गोंधळाचे मूळ 'इंटरेस्ट' या शब्दात आहे. त्याचा एक अर्थ गोडी, दुसरा हितसंबंध. ज्याला गोडी नाही तो 'अनइंटरेस्टेड'. ज्याचा हितसंबंध गुंतलेला नाही तो 'डिसइंटरेस्टेड'. न्यायाधीश हितसंबंधांपासून मोकळा असावा लागतो, पण खटल्यातच त्याला गोडी नसेल तर पक्षकाराचे वाटोळे होते. या मोकळेपणाला मराठीत नेमका शब्द आहे: निःस्पृह. तो उच्चारला की पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे आठवतात. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर त्यांनी त्या खुनाबद्दल खुद्द पेशव्यांचे काका राघोबा यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. त्यातून त्यांना मिळवायचे काही नव्हते, गमवायचे मात्र पुष्कळ होते. पण त्या प्रकरणाची त्यांना आस्था नव्हती, असे कोण म्हणेल?

भाषा वापराने घडते, मग हा हट्ट कशाला, असा आक्षेप येईल. इतिहासही आक्षेपकांच्या बाजूचा आहे. सतराव्या शतकात जॉन डनने 'डिसइंटरेस्टेड' हा शब्द 'गोडी नसलेला' याच अर्थी वापरला होता आणि 'अनइंटरेस्टेड'चा जुना अर्थ निःपक्ष असा होता. म्हणूनच आमची भिस्त इतिहासावर नाही, गरजेवर आहे. 'निःपक्षपाती' हा शब्द पुरेसा नाही का? नाही. तो दोन पक्षांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल बोलतो, मनातल्या लाभाच्या हिशेबाबद्दल नाही. पुस्तकाचे परीक्षण करणाऱ्यापुढे तर बहुधा दोन पक्ष नसतातच. मॅथ्यू अरनॉल्डने १८६४ साली 'डिसइंटरेस्टेडनेस' हा समीक्षेचा नियमच ठरवला. व्यवहाराच्या आणि राजकारणाच्या सोयीपासून समीक्षेने दूर राहावे, असे तो म्हणत होता. पण जगातले उत्तम विचार जाणून घेण्याची तहानही त्याला त्याच समीक्षेत हवी होती.

आपला 'उदासीन' मात्र 'डिसइंटरेस्टेड'च्याच वाटेने घसरला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उदासीन राजा म्हणजे संघर्षाबाहेरचा, पण सर्वांहून बलवान असा राजा. आज मतदानाबाबत उदासीन म्हटले की बेफिकीर माणूसच समजला जातो. काठावर उभा असलेला 'तटस्थ'ही हल्ली अंग चोरणारा ठरतो. असे शब्द एकेक करून गेले, तर रामशास्त्र्यांना आणि जांभई देणाऱ्या पंचाला एकच विशेषण लावावे लागेल. या अंकातल्या ग्रंथपरीक्षणांसाठी आम्ही लेखकाशी देणेघेणे नसलेले, पण पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचणारे परीक्षक शोधले आहेत.