दुसऱ्या चिप-उत्पादकाचे भवितव्य

अमेरिकेने शक्तिमान क्रे संगणक देण्यास नकार दिला, त्यानंतर पुण्याच्या 'सी-डॅक'ने 1991 साली 'परम 8000' हा महासंगणक उभा केला. त्याच्या पोटात ब्रिटनमधील इनमॉस या लहान कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. यंत्राचा गौरव झाला आणि तो रास्तच होता. परंतु ती चिप टिकली नाही. इनमॉस कंपनी तर 1989 मध्येच विकली गेली होती. 1998 च्या 'परम 10000' मध्ये सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्क चिपा आल्या. त्या घराण्याचीही पुढे अखेर झाली. 2008 च्या 'परम युवा'त इंटेल विराजमान झाली. बलाढ्याने मैदान मारले, असाच निष्कर्ष तेव्हा कोणीही काढला असता. मात्र 2020 च्या 'परम सिद्धी-एआय'मधील प्रोसेसर इंटेलच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याचे, म्हणजे एएमडीचे आहेत.

इतर बुडाले, मग हीच कंपनी का तरली? आयबीएमने आपल्या संगणकाच्या चिपसाठी दुसरा पुरवठादार हवाच, असा आग्रह धरला. 1982 च्या करारान्वये इंटेलला आपले तंत्र एएमडीला द्यावे लागले. त्यामुळे एकीसाठी लिहिलेली आज्ञावली दुसरीवरही चालते. इनमॉसला हे भाग्य लाभले नाही. पुढे करार फिसकटला, कोर्टकज्जे झाले आणि 2009 मध्ये इंटेलने 125 कोटी डॉलर देऊन तंटा मिटविला.

त्याच वर्षी एएमडीने आपले कारखाने वेगळे काढले. आराखडा आपला, घडण दुसऱ्याची! भिवंडीहून अकलोलीच्या कुंडांकडे जाणाऱ्यास ही व्यवस्था समजावून सांगावयास नको. सूत व्यापाऱ्याचे, माग दुसऱ्याचा, हिशेब मजुरीचा. फरक एवढाच की, येथे मागवाला दुबळा नाही. तैवानच्या टीएसएमसीचे माग सर्वांत सरस ठरले, इंटेलचे स्वतःचे माग वर्षानुवर्षे रखडले. लिसा सू यांच्या एएमडीने 2017 पासून उत्तम चिपा काढल्या हे मान्य करूनही म्हणावे लागते की, तिचे निम्मे यश प्रतिस्पर्ध्याच्या चुकांचे आहे.

चुका कायम राहतीलच असे नाही. 2024 साली इंटेलला सुमारे 1,880 कोटी डॉलरचा तोटा झाला. परंतु 2025 मध्ये अमेरिकी सरकारने तिचा जवळजवळ दहा टक्के हिस्सा घेतला. ज्याच्या पाठीशी सरकार उभे आहे, तो सहजी बुडत नाही. उलट एएमडीची मदार चीनच्या तोंडाशी असलेल्या बेटावर आहे आणि त्याच मागासमोर अ‍ॅपल व एनव्हिडियाही रांगेत उभ्या आहेत.

या स्पर्धेशी आपल्या शाळा-कचेऱ्यांचा संबंध काय? निविदेचा मसुदा करणारा कारकून 'इंटेल' हा शब्द लिहितो, त्या क्षणी दुसरा पुरवठादार बाहेर पडतो आणि भावाची घासाघीस संपते. सरकारी निविदांत अशी नावे घातल्याबद्दल युरोपीय आयोगाने 2004 मध्ये काही सदस्यराष्ट्रांना जाब विचारला होता. यंत्राने काय काम, किती वेगाने करावे, एवढेच मसुद्यात लिहिले तर नियमांचा कोणताही भंग होत नाही.