पीएमसीला १,०००, येस बँकेला ५०,०००



‘सहकारी बँकेतल्या ठेवी काढा आणि मोठ्या बँकेत ठेवा’ असा सल्ला देणारी पत्रे या आठवड्यात या सदरात वाचली आणि राहवले नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदाराला सहा महिन्यांत मिळून काढता येणार होते फक्त १,००० रुपये! आरडाओरडा झाल्यावर मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. मार्च २०२० मध्ये येस बँक ही मोठी खासगी बँक गाळात गेली. तिथे पहिल्या दिवसापासून मर्यादा ५०,००० रुपये. स्टेट बँक आणि बड्या खासगी बँकांचे भांडवल आले आणि दोन आठवड्यांच्या आत निर्बंध उठलेही. पीएमसीच्या ठेवीदारांना मात्र विलीनीकरणासाठी जानेवारी २०२२ उजाडावा लागला, आणि पाच लाखांवरची रक्कम दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांत मिळणार! १,००० आणि ५०,०००. एकाच रिझर्व्ह बँकेने सहा महिन्यांच्या आत घातलेल्या या दोन मर्यादा आहेत. मोठी बँक सुरक्षित वाटते ती तिला बुडू दिले जात नाही म्हणून, तिचा कारभार चोख असतो म्हणून नव्हे.

सहकारी बँकांच्या संचालकांनी गणगोतात कर्जे वाटली, हे खरेच आहे. त्यांना तुरुंगात टाका. पण पीएमसीत २१ हजारांहून अधिक बनावट खाती उघडून एका बिल्डरची थकबाकी लपवली जात होती, तेव्हा दरवर्षी तपासणीला येणारे रिझर्व्ह बँकेचे अधिकारी काय पाहत होते? त्याची शिक्षा पेन्शनवर जगणाऱ्यांनी का भोगायची?

पिठाची गिरणी, शिवणकाम, रिक्षा यांसाठी कर्ज मागणाऱ्याला नागरी सहकारी बँकेचा व्यवस्थापक ओळखतो, त्याचा धंदा जाऊन बघतो. मोठ्या बँकेत तीन वर्षांनी साहेब बदलतो आणि अर्ज ‘वर पाठवला आहे’ एवढेच उत्तर मिळते. शिवाय आमच्या भागातल्या एका मोठ्या बँकेत काउंटरवर मराठीत विचारले तर हिंदीत बोला म्हणतात आणि मराठी फॉर्म मागितला तर संपले म्हणून सांगतात. फलक आणि फॉर्म त्रिभाषिक असावेत, असे रिझर्व्ह बँकेचेच निर्देश आहेत. ते पाळले जातात का, हे कोणी तपासते का?

यापुढे कोणत्याही बँकेवर निर्बंध आले तर पैसे काढण्याची मर्यादा सर्वांना सारखीच हवी. ती किती, हे रिझर्व्ह बँकेने आजच लेखी जाहीर करावे.

– एक सभासद व ठेवीदार, डोंबिवली